विश्वासू उपदेशक कसं व्हावं : शास्त्रभाग निवडण्यापासून चूक सुधारण्यापर्यंत

इंदूरच्या मराठी माणसाचा कान चांगल्या बोलण्यावर पोसलेला आहे. व्याख्यानमाला, गणेशोत्सवातली भाषणं, नारदीय कीर्तनं, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा यांतून तो तयार झाला, आणि इथली मराठी ख्रिस्ती घरंही याच हवेत वाढली. म्हणून उपासना सुटल्यावर दारापाशी "आज फार सुंदर बोललात हो, पाळकसाहेब" असं लोक म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. पण त्यांनाच दुपारी जेवताना विचारा, "आज वाचलेल्या भागात देव काय म्हणतो?" पुष्कळदा उत्तर येत नाही. किस्सा आठवतो, आवाजाची चढउतार आठवते, वचन मात्र आठवत नाही.

पुढचं सगळं पाळकांसाठी आहेच. पण त्याहून जास्त ते ज्यांची महिन्यातून एखाद्या रविवारी पाळी येते त्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) नेमलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, ज्यांना आपण 'वडील' म्हणतो, भगिनी मंडळात बोलणाऱ्या ताईंसाठी, घरसभेत वचन सांगणाऱ्या तरुणांसाठी आहे. सेमिनरीचं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचं, शिक्षण नसलं तरी चालेल. आठवडाभर रोज तास-सव्वा तास मात्र काढावा लागेल.

कोणत्या मापाने मोजायचं

करिंथकरांस पहिल्या पत्रात (४:१-२) पौल स्वतःला कारभारी म्हणतो आणि कारभाऱ्याकडून एकच अपेक्षा सांगतो: तो विश्वासू असावा. कारभाऱ्याच्या हातातला माल मालकाचा असतो. तो कमी करायचा नाही, त्यात भेसळ करायची नाही आणि ज्यांच्यासाठी दिला त्यांच्यापर्यंत पोचवायचा. उपदेशाची सगळी कसोटी यात आली.

याचा अर्थ चांगलं बोलणं वाईट, असा नाही. प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८ मध्ये अपुल्लो भेटतो. तो वक्ता होता आणि शास्त्रात प्रवीणही होता. त्याच्या बोलण्यात उणीव नव्हती, उणीव माहितीत होती: त्याला योहानाचा बाप्तिस्मा तेवढाच ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला आणि त्याने ऐकून घेतलं. बोलण्याची देणगी असलेल्या माणसाने या प्रसंगातलं ऐकून घेणं आधी शिकावं.

दुसरी बाजू यहेज्केल ३३:३०-३२ मध्ये दिसते. लोक संदेष्ट्याकडे गर्दीने येतात, समोर बसतात, ऐकतात. त्यांच्या लेखी तो गोड गळ्याने प्रेमगीत गाणारा, वाद्य छान वाजवणारा असतो. ते ऐकतात आणि काहीच करत नाहीत. इथे दोष यहेज्केलाचा नाही. तेव्हा गर्दी जमली, टाळ्या पडल्या, डोळे पाणावले, यावरून उपदेश विश्वासू होता की नाही हे ठरत नाही. गर्दी ओसरली यावरूनही ते ठरत नाही, हेही तितकंच खरं. काही उपदेशक कंटाळवाणं बोलतात आणि त्यालाच निष्ठा समजतात. तो आळस आहे.

सगळ्यात उघड उदाहरण यिर्मया २८ मध्ये आहे. ते आधी शांतपणे वाचा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या आपण त्याच्याच शेजारच्या अध्यायावर चालून पाहणार आहोत. गिबोनचा संदेष्टा हनन्या मंदिरात, याजकांसमोर, भर लोकांत सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, मंदिराची पात्रं परत येतील, धरून नेलेले परत येतील. मग तो यिर्मया संदेष्ट्याच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं जू काढून सगळ्यांदेखत मोडतो. प्रसंग रंगतदार आहे, निरोप देशप्रेमाचा आहे, देवाचं नाव घेतलेलं आहे. सगळं आहे, फक्त देवाने त्याला पाठवलेलं नाही. यिर्मया काय करतो पाहा: जू मोडण्याआधी "आमेन, परमेश्वर असं करो" म्हणतो, जुन्या संदेष्ट्यांची आठवण देतो, आणि ते मोडल्यावर निघून जातो. त्या क्षणी त्याच्याजवळ हनन्याला द्यायला नवं वचन नव्हतं, म्हणून तो ते रचत नाही. वचन आलं तेव्हा परत येऊन सांगतो की लाकडी जू मोडलं, आता लोखंडी येईल. पाचव्या महिन्यात बोललेला हनन्या सातव्या महिन्यात मरण पावतो.

जवळ वचन नसताना गप्प राहता येणं ही उपदेशकाची पहिली पात्रता आहे असं आम्हाला वाटतं.

पायरी १ : शास्त्रभाग आधी, विषय नंतर

बहुतेक संदेश इथेच बिघडतात. आठवड्यात काहीतरी घडलेलं असतं, त्यावर बोलायचं मनात ठरतं आणि शनिवारी रात्री त्याला शोभेल असं वचन शोधलं जातं. मग वचन आपल्या मतावर मारलेला शिक्का होऊन बसतं.

त्याऐवजी एक पुस्तक घ्या आणि क्रमाने चला. पत्र असेल तर एका वेळी ८ ते १२ वचनं पुरतात. शुभवर्तमान किंवा राजांचा इतिहास असेल तर पूर्ण प्रसंग घ्या, तो मधे तोडू नका. स्तोत्र शक्यतो अख्खं घ्या. नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायापासून पुढे हा नियम नीट चालत नाही. तिथे एका विषयाची वचनं गोळा करावी लागतात. मंडळी ठरलेल्या वाचनक्रमावर चालत असेल तर त्या दिवसाच्या वाचनांपैकी एकच भाग घ्या. तिन्ही वाचनं एका संदेशात बांधायच्या नादात तिन्ही अर्धवट राहतात.

महिन्यातून एकदाच पाळी येत असेल तर याकोबाचं पत्र किंवा रूथ यांसारखं छोटं पुस्तक घ्या आणि दर पाळीला पुढे सरका. एका वहीत तारीख, पुस्तक, अध्याय आणि मुख्य वाक्य लिहून ठेवा. वर्षाअखेर ती वही उघडा. इफिसच्या वडिलांना पौल सांगतो की देवाचा संपूर्ण मनोदय सांगण्यात मी कसूर केली नाही (प्रे. कृत्ये २०:२७). तुमच्या वहीत १२ पैकी ९ वेळा आशीर्वाद आणि बरं होणं असेल, आणि पाप, न्याय, पैसा, क्षमा, दुःख यांचा पत्ता नसेल, तर मंडळी काय खाऊन जगते आहे ते तिथेच कळेल.

पायरी २ : वाचणं

सोमवार ते बुधवार फक्त वाचा. भाष्य (शास्त्राचा अर्थ उलगडणारं पुस्तक) नको, यूट्यूब नको. निवडलेला भाग मोठ्याने रोज चार-पाच वेळा वाचा, आणि त्यातली एक फेरी आधीच्या व नंतरच्या अध्यायासकट करा. हाती मराठी पवित्र शास्त्र असेल तर शेजारी हिंदी ठेवा, शक्य असेल तर इंग्रजी. तिन्ही सारखं सांगत असतील तर पुढे चला. जिथे वेगळं वाटेल तिथे खूण करा, गुरुवारी भाष्य उघडाल तेव्हा आधी तिथेच पाहा.

वाचताना कागदावर पाच गोष्टी लिहायच्या. कोण बोलतं आहे, कोणाला, कधी, कशामुळे, आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते. उत्तरासमोर वचनाचा आकडा हवा. आकडा देता आला नाही तर ते उत्तर तुमचं आहे, शास्त्राचं नाही.

आता यिर्मया २९:१-१४ घेऊ. इंदुरात हा भाग कुठे ऐकू येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. भंवरकुआँच्या कोचिंगांत मुलं पाच-पाच वर्षं काढतात, राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय याच शहरात आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांसाठी प्रार्थना ठेवली की ११ वं वचन हमखास निघतं: तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पुढे उपदेशक म्हणतो, "देवाचा प्लॅन ठरलाय, यंदा तुझं सिलेक्शन होणार!" आमेन मोठ्याने येतं.

कागदावर काय उतरतं ते पाहा. हे पत्र आहे (व. १). यरुशलेमेहून बाबेलला, यखन्या राजाबरोबर धरून नेलेल्या वडिलांना, याजकांना, संदेष्ट्यांना आणि सगळ्या लोकांना ते पाठवलं आहे (व. १-२). म्हणजे एका विद्यार्थ्याला नाही, एका अख्ख्या समाजाला. त्यांना तिथे नेणारा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर, पण देव म्हणतो, "मी नेलं" (व. ४, ७, १४). आज्ञा अशा: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, नगराचं हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा (व. ५-७). इशारा: तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवतात, त्यांचं ऐकू नका (व. ८-९). मुदत: ७० वर्षं (व. १०). आणि मग ११ वं वचन.

त्या ७० वर शांतपणे थांबा. पत्र ऐकणाऱ्यांत जे चाळिशीचे होते त्यांनी परतीचा दिवस पाहिला नसणार. हिताचा संकल्प खरा होता, आणि तरीही त्यांच्यातले बहुतेक बाबेलातच मातीत जाणार होते. शिवाय हनन्याने दोन वर्षं सांगितली होती आणि यिर्मया सत्तर सांगतो. ११ व्या वचनावरून "यंदाच" असा शब्द देणारा उपदेशक यिर्मयाचं वचन हातात धरून हनन्याचा संदेश देत असतो. निवड न झालेला मुलगा पुढच्या वर्षी उपासनेला येत नाही, तेव्हा त्याचा विश्वास अशा शब्दावर उभा केलेला असतो जो देवाने दिलाच नव्हता.

पायरी ३ : एक वाक्य

गुरुवारी भाष्य उघडा. आपलं वाचन चुकलं आहे का, एवढं त्यातून तपासायचं. मग भागाचा आशय एका वाक्यात लिहा, फार तर तीस शब्दांत. वाक्यात कर्ता शक्यतो देव असावा आणि क्रियापद भागातलंच असावं. वरच्या भागाचं असं होईल: "देव बंदिवासातल्या लोकांना सांगतो की लवकर सुटकेच्या खोट्या बोलांवर जगू नका, मी ठरवलेल्या काळापर्यंत त्या नगरात वस्ती करा, त्याचं हित पाहा आणि मला शोधा."

हे वाक्य घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा, त्यांच्या हाती बायबल द्या आणि विचारा, "हे यात आहे का?" सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने "आई, हे कुठेय?" म्हटलं तर वाक्य बदला. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळलं आणि त्यांची वाखाणणी झाली (प्रे. कृत्ये १७:११). आपण पौलाहून मोठे नाही.

पायरी ४ : ख्रिस्तापर्यंतची खरी वाट

जुन्या करारावर बोलताना दोन टोकं गाठली जातात. एक, कथेतून नुसता बोध: दाविदासारखे शूर व्हा, योनासारखे पळू नका. त्यासाठी ख्रिस्त मरायची गरज नव्हती. दुसरं, प्रत्येक वस्तूत काहीतरी लपलेलं शोधणं: पाच धोंडे म्हणजे अमुक पाच गुण, चांगल्या शोमरोन्याचे दोन दीनार म्हणजे तमुक. ऐकायला चमकदार वाटतं, पण दुसऱ्या उपदेशकाच्या हाती तेच धोंडे दुसरेच गुण होतात. ज्याला काहीही म्हणता येतं ते वचन काहीच म्हणत नाही.

खरी वाट शास्त्र स्वतः दाखवतं. दानीएल ९:२ मध्ये दानीएल यिर्मयाची ७० वर्षं वाचतो आणि आनंदाचा जल्लोष करत नाही, तर उपास करून लोकांच्या पापांची कबुली देतो. एज्रा १:१ सांगतो की यिर्मयाचं वचन पुरं व्हावं म्हणून परमेश्वराने पारसाचा राजा कोरेश याच्या मनाला चेतना दिली. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात बाबेलचा बंदिवास आणि यखन्या थेट येशूच्या वंशावळीत येतात (१:११-१२). म्हणजे हिताचा तो संकल्प परतीच्या रस्त्यावर संपला नाही, बेथलेहेमात पोचला. या वाटेने गेलात तर ख्रिस्त बाहेरून आणून चिकटवावा लागत नाही.

पायरी ५ : इथल्या माणसांना लागू करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. वक्तृत्व इथे सगळ्यात जास्त घसरतं.

इंदूरच्या मराठी घरसभेत यिर्मया २९ घेतला की एक वाक्य जिभेवर येतंच: "आपणही महाराष्ट्राबाहेर, परक्या मुलखात राहणारी माणसं." वाक्य भिडतं, माना डोलतात. पण ते खरं आहे का? बाबेलात नेलेले लोक देवाच्या न्यायाखाली, सक्तीने नेलेले होते. इथली मराठी घरं होळकरशाहीत, नोकरीधंद्याला, लग्नाने आली आणि पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झाली. त्यांना बंदिवान म्हणणं शास्त्रालाही धरून नाही आणि शहरालाही नाही. शिवाय त्या वाक्याने शेजारचा हिंदी बोलणारा किंवा मल्याळी विश्वासणारा बाबेलचा ठरतो!

नवा करार काय करतो ते पाहा. पेत्र पहिल्या पत्रात (१:१, २:११) सगळ्याच विश्वासणाऱ्यांना प्रवासी, परदेशी म्हणतो, मग ते कोणत्याही गावचे असोत. तेव्हा लागू करायचं ते सगळ्यांना मिळून: या नगराचं हित पाहणं म्हणजे इंदुरात काय? मंडळीच्या प्रार्थनेत महापालिकेच्या सफाई कामगारांचं, एम. वाय. रुग्णालयातल्या परिचारिकांचं, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांचं नाव येतं का? दुकानाचा कर खरा भरला जातो का? "परमेश्वर लवकर येणार आहे, मग घराचं कर्ज कशाला" असं सांगणाऱ्याला ५ व्या वचनाने काय उत्तर मिळतं?

आणि तो परीक्षेला बसलेला मुलगा. त्याला काहीच देऊ नका असं नाही. यश-अपयश दोन्हींत देव त्याला विसरत नाही, हे सांगता येतं. देवाचे संकल्प आपल्या वेळापत्रकापेक्षा मोठे असतात, हेही सांगता येतं. मनापासून शोधणाऱ्याला देव सापडतो, हे तर १३ व्या वचनातच आहे. एवढं पुरेसं आहे, आणि निकाल काहीही लागला तरी ते खोटं ठरत नाही.

लागू करताना किमान चार माणसं डोळ्यांपुढे ठेवा: नुकतीच विधवा झालेली आजी, कामावरून काढलेला बाप, कधीतरीच येणारा तरुण आणि पहिल्यांदाच आलेला पाहुणा. प्रत्येकासाठी एकेक वाक्य लिहा. माणसं डोळ्यांपुढे ठेवायची, पण नाव घ्यायचं नाही आणि ओळख पटेल असं वर्णनही नको. विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट "एका कुटुंबात" म्हणून पुलपिटवरून सांगितली, तर चाळीस घरांच्या मंडळीत ते कुटुंब कोणतं हे पाच मिनिटांत कळतं. त्यानंतर कोणीही पाळकाला काही सांगत नाही.

हजर नसलेल्यांवर राग काढू नका, आणि हजर असलेल्या एकाच माणसाला मनात धरून संदेश रचू नका. त्या माणसाशी बोलायचं असेल तर मंगळवारी त्याच्या घरी जा.

दाखले, किस्से, गाणी

पंचवीस मिनिटांच्या संदेशात दोन, फार तर तीन दाखले, प्रत्येक दीड मिनिटाच्या आत. दाखला एखाद्या वचनावर उजेड टाकणारा हवा. तो काढून टाकला तरी मुद्दा उभा राहिला पाहिजे. व्हॉट्सॅपवर फिरणारी "सत्यकथा" खरी असल्याची खात्री नसेल तर ती सांगूच नका. सत्याच्या नावाने उभ्या असलेल्या माणसाने खोटी गोष्ट खरी म्हणून सांगितली, तर ऐकणाऱ्याने उरलेल्या गोष्टींवर विश्वास का ठेवावा? कल्पित असेल तर "समजा" म्हणून सुरुवात करा.

दुसऱ्याचा संदेश यूट्यूबवरून उचलून आपला म्हणून सांगणं ही चोरीच आहे, आणि ती उघडी पडते. मंडळीतल्या तरुणांनी तो आधीच ऐकलेला असतो. एखादा विचार घेतला तर "हा विचार मी एका उपदेशकाकडून घेतला" एवढं म्हणायला तीन सेकंद लागतात.

कीर्तनाच्या बाजाबद्दल थोडं. ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाचा बाज मराठी ख्रिस्ती भक्तीत रुजवला आणि ती मोठी देणगी आहे. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान ही मांडणी मराठी कानाला ओळखीची आहे, घरसभेत ती जरूर वापरा. अट एकच: आख्यान पूर्वरंगातल्या वचनाचंच असावं. उत्तररंग रंगला आणि वचन मागे पडलं, तर पुढच्या वेळी आख्यान छोटं करा.

लिहिणं, वेळ आणि दोन भाषा

शुक्रवारी पूर्ण संदेश लिहून काढा. मराठीत सावकाश, मागच्या बाकापर्यंत समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. पंचवीस मिनिटांना अडीच ते तीन हजार शब्द पुरतात. घरसभेत १२ ते १५ मिनिटं. शनिवारी तो एका पानावर आणा: मुख्य वाक्य, तीन-चार टप्पे, प्रत्येकासमोर वचनाचा आकडा, दाखल्यांची नावं आणि शेवटचं वाक्य पूर्ण. शेवट लिहिलेला नसला की उपदेशक धावपट्टी शोधत दहा मिनिटं घिरट्या घालतो.

लिहिलेल्या मजकुरावर दोन रंगांच्या पेन्सिली चालवा. भागातून आलेली वाक्यं एका रंगात, आपली मतं दुसऱ्या रंगात. मतांचा रंग जास्त दिसला तर कापा. यमक, अनुप्रास, एकाच अक्षराने सुरू होणारे तीन मुद्दे हे सगळं ठेवायला हरकत नाही, पण तिसरा मुद्दा भागात नसून फक्त अक्षर जुळवायला आला असेल तर तो जायलाच हवा.

इंदुरात मंडळ्यांची उपासना बहुतेक हिंदीत होते, मराठी घरसभांत आणि सणावारी बोलली जाते, आणि तरुण पिढी शास्त्र फोनवर हिंदीत उघडते. म्हणून संदर्भ दोनदा सांगा आणि पुस्तकांची नावं दोन्ही भाषांत सांगा: आपलं अनुवाद म्हणजे हिंदीतलं व्यवस्थाविवरण, शास्ते म्हणजे न्यायियों, नीतिसूत्रे म्हणजे नीतिवचन, उपदेशक म्हणजे सभोपदेशक, प्रेषितांची कृत्ये म्हणजे प्रेरितों के काम. संदर्भ सांगितल्यावर अर्धा मिनिट थांबा. ती शांतता उपदेशकाला लांब वाटते, पण आजींना चष्मा लावून पान शोधायला तेवढा वेळ लागतोच. नहेम्या ८:८ मध्ये नियमशास्त्र स्पष्ट वाचून अर्थ सांगितला, म्हणून लोकांना समजलं. वाचन हे संदेशाचं प्रास्ताविक समजून उरकू नका. यिर्मया २९:१-१४ नीट वाचायला तीन मिनिटं लागतात, ती द्या. आणि ज्याच्याकडे वाचन दिलं असेल त्याला भाग दोन दिवस आधी कळवा, म्हणजे नबुखद्नेस्सरपाशी तो अडखळणार नाही.

उभं राहिल्यावर

मुद्दा सांगताना आकडा सांगा: "सातव्या वचनात पाहा." ऐकणाऱ्याचं बोट पानावर राहिलं पाहिजे. दर तीन मिनिटांनी "आमेन का?" विचारणं, "शेजाऱ्याकडे वळून सांगा" म्हणणं टाळा; त्याने हॉल जागा राहतो, पण मन वचनावरून उठून उपदेशकाकडे जातं. आवाज वचनाच्या वजनाने चढू द्या. जिथे मुद्दा अशक्त आहे तिथेच आवाज चढतो आहे का, हे रेकॉर्डिंग ऐकून तपासा.

"देवाने मला आत्ताच सांगितलं" हे शब्द फार जपून वापरा. यिर्मया २३ मधली देवाची सगळ्यात कडक तक्रार अशाच लोकांविरुद्ध आहे, जे आपल्या मनातलं देवाच्या तोंडी घालत. "मला असं वाटतं" म्हणायला लाज नाही.

अंत्यविधीला दहा मिनिटं पुरे. गेलेल्या माणसाच्या आत्म्याबद्दल आपल्याला ठाऊक नसलेलं काही जाहीर करू नका, पुनरुत्थानाची आशा सांगा, आणि शोकात बसलेल्या घराला पश्चात्तापाचा दम देऊ नका.

उपदेशकाचं जगणं

पौल तीमथ्याला सांगतो की स्वतःकडे आणि आपल्या शिक्षणाकडे नीट लक्ष ठेव (१ तीमथ्य ४:१६). दोन्ही, आणि स्वतःकडे आधी. याकोब ३:१ शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल म्हणतो. म्हणून प्रत्येक संदेशाआधी, शक्यतो शुक्रवारी, तो आशय स्वतःवर लावा. यिर्मया २९ सांगणारा स्वतः शेजाऱ्यांशी पाण्याच्या टाकीवरून भांडत असेल तर आधी ते मिटवा. पैशाबद्दल बोलायचं असेल तेव्हा ज्या निधीतून स्वतःला मिळतं त्यासाठी आवाहन करू नका. ते काम वडिलांनी करावं, हिशेब फलकावर लावून.

मंडळीने दोन माणसं नेमावीत, एक वडील आणि एक भगिनी, ज्यांना उपदेशकाला स्पष्ट सांगायचा अधिकार असेल. पत्नीवर किंवा पतीवर हे काम टाकू नका. उपदेशकाने त्या दोघांसमोर पहिली दहा मिनिटं उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. त्यांनी विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत: मुख्य वाक्य भागात होतं का, भागातलं काय वगळलं, वगळलं ते अवघड म्हणून का, ख्रिस्त कुठे होता, कोणाला उगाच लागलं, कोणाला लागायला हवं होतं तिथे बोलणं गुळगुळीत झालं का, वेळ किती झाला.

सोमवारी

दाराशी "छान झालं" ऐकून "आभारी आहे, प्रभूची कृपा" म्हणा आणि सोडून द्या. सोमवारी तीन घरी फोन करा, दर आठवड्याला वेगळ्या. "कसं झालं?" विचारू नका. "कालच्या भागात देव काय म्हणतो असं कळलं?" आणि "काय समजलं नाही?" एवढेच दोन प्रश्न. तीन उत्तरांपैकी दोन तुमच्या मुख्य वाक्याच्या जवळ नसतील, तर गुरुवारच्या पायरीवर वेळ कमी पडला होता असं समजा.

आणि चूक सापडली तर, उदाहरणार्थ आकडा चुकला, वचनाचा अर्थ ओढूनताणून लावला, किस्सा खोटा निघाला, तर वडिलांना त्याच दिवशी सांगा. पुढच्या रविवारी वाचनाआधी दोन वाक्यांत दुरुस्त करा: "गेल्या रविवारी मी यिर्मया २९:११ वरून परीक्षेच्या यशाचं वचन दिलं. त्या भागात तसं वचन नाही. तिथे काय आहे ते आपण आज पुन्हा पाहू." कारणं देऊ नका, लांबवू नका, आणि तोच भाग उघडून वाचायला लागा.